टिकारामभाऊंना सोडायचं नाही

चांगुलपणालाही माप असावं लागतं बापा. तूप चांगलं म्हणून कोणी ते तांब्यानं पीत नाही. टिकारामनं माप ठेवलं नाही, आणि भोगलं कोणी? त्यानं, त्याच्या बायकोनं आणि त्या एवढ्याशा पोरीनं.

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून एक गाव आहे. गावाचं आणि तिथल्या कॉलेजचं नाव मी घेणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि खरं दुखणं तेच आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

१९७३ साली टिकाराम तिथे लायब्ररीत क्लार्क म्हणून लागला. मूळचा पवनीकडच्या आसगावचा, धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, किडकिडीत, बोलायला कमी. ग्रंथपालाची जागा रिकामी होती. 'यंदा भरू, यंदा भरू' म्हणता म्हणता ती रिकामीच राहिली आणि सगळं काम टिकारामच्या डोक्यावर आलं.

लायब्ररी म्हणजे दोन खोल्या. मधोमध लोखंडी जाळी, आणि जाळीला डोकं जाईल न जाईल एवढी खिडकी. अलीकडे पोरं, पलीकडे पुस्तकं आणि टिकाराम. पोरानं चिठ्ठी द्यायची, आतल्या माणसानं पुस्तक शोधून आणायचं. आता गंमत ऐका. आधीच्या माणसानं पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती! ठेंगणी खालच्या फळीवर, उंच वरच्या फळीवर, शाळेत कवायतीला पोरं उभी करतात तशी. दिसायला झकास. पण कोणी अर्थशास्त्राचं पुस्तक मागितलं की शोधणाऱ्याचा घाम निघायचा. मग 'उद्या या'. उद्या गेलं की 'बाहेर गेलंय'. पुस्तक बाहेर कुठलं जातं, तिथेच कुठेतरी आपल्या उंचीच्या पुस्तकांत उभं असायचं.

लागल्यावर तीनेक वर्षांनी टिकारामचं लग्न झालं. बायको रेवताबाई आसगावातच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. टिकारामच्या आईला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, ती घर सोडून कुठे यायला तयार नाही. घरची चार बांध्यांची, म्हणजे धानाच्या चार खाचरांची शेती. तेव्हा ठरलं असं की रेवताबाईनं तिथेच राहायचं आणि टिकारामनं वर्षभरात पवनीकडे कुठेतरी नोकरी पाहून घरी यायचं. वर्षभरात! लग्नाच्या मांडवात माणूस काय काय बोलतो.

तोवर टिकाराम गिरजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या ओसरीतल्या खोलीत राहायचा. शनिवारी दुपारी लायब्ररीला कुलूप लावलं की लाखांदूरची बस, तिथून दुसरी बस, आणि दिवेलागणीला आसगाव. रविवार कसाबसा हाताला लागायचा. जेवण झालं की बायकोचं लक्ष उन्हाकडे जायचं, ऊन कुठवर आलं. ऊन नहाणीच्या भिंतीवर चढलं की पिशवी भरायची. पावसाळ्यात चुलबंद नदीला पूर आला, रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं, की तो रविवारही नाही. पुढे शेवंता झाली. ती पोरगी बापाला ओळखायला लागेतो बाप बसमध्ये बसलेला असायचा.

पहिल्यांदा अडयाळकडच्या एका शाळेत जागा निघाली, तेव्हा टिकाराम प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य आनंदराव. भरदार, हसरे, पोटातून बोलणारे. खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे.

"जा ना टिकाराम! मी काहून अडवीन? पण ही लायब्ररी अशी उंचीवार टाकून जाल? जरा विषयवार लावून द्या. एवढं मार्गी लागलं की सोडलंच तुम्हाला."

टिकारामला ते पटलं. हेच तर! कोणालाही काहीही पटायचं त्याला. त्यानं सगळी पुस्तकं खाली उतरवली, विषयवार लावली, फळ्यांना रंगाच्या पट्ट्या मारल्या. आता चिठ्ठी दिली की पुस्तक हातात. पोरांना आधी खरंच वाटेना. झालं, गर्दी वाढली. अडयाळची जागा तोवर भरून गेली, आणि आनंदराव म्हणाले, "आता एवढ्या गर्दीत तुम्हाला कसं सोडू सांगा?"

पुढच्या वेळी मुलींचं निघालं. मुली लायब्ररीत फिरकतच नसत. खिडकीशी पोरांचा घोळका, त्यात घुसायचं कसं? शिपायाच्या हाती चिठ्ठ्या पाठवायच्या आणि मिळेल ते वाचायचं. आनंदराव म्हणाले, "मुलींचं काहीतरी करून द्या, मग जा." टिकारामनं मागचं बंद दार उघडलं, तिथे एक टेबल मांडलं, पडदा लावला, पाण्याचा माठ ठेवला. दोन आठवड्यांत टेबल पुरेना. मुलींचे बाप येऊन टिकारामला 'भाऊ' म्हणून हात जोडायला लागले. हात जोडून घेतलेल्या माणसाला मग पळता येत नाही.

मग कापणीचं कार्ड. आमच्याकडे धान कापणीला आलं की कॉलेजात भिंतीच उरतात. पोरगं असो की पोरगी, विळा घेऊन बांधीत. आणि पुस्तक परत करायची मुदत भरते नेमकी तेव्हाच, मग दंड. म्हणून पोरं दिवाळीआधी पुस्तकच न्यायची नाहीत. टिकारामनं सुचवलं, कापणी ते मळणी पुस्तक घरी राहू द्या, त्याचं वेगळं कार्ड काढा. आनंदरावांनी टेबलावर थाप मारली. "वा! हे चालू करा, एक हंगाम नीट पार पाडा, आणि मग..." मग काय, तुम्हीच समजून घ्या.

आणि मग बसची पेटी. जंगलाकडच्या गावांतली पोरं पावसाळ्यात अडकून पडायची. लाखांदूरच्या बसचा कंडक्टर बाबूलाल टिकारामच्या ओळखीचा, दर शनिवारचा. त्याच्या हाती पुस्तकांची पत्र्याची पेटी जायला लागली. थांब्यावरच्या चहावाल्याकडे पुस्तक उतरवायचं, वाचलेलं चढवायचं. बाबूलाल एकदा त्याला म्हणाला, "भाऊ, तुमचे पुस्तकं रोज जाऊन राहिले अन् तुमी हप्त्यातून एकदा. तुमी बी पेटीत बसत जा ना."

टिकाराम हसला. लाखांदूर येईपर्यंत मात्र तो खिडकीबाहेर तोंड करून बसला होता.

असं करत करत दहा वर्षं गेली. सुटायला म्हणून तो एक काम करायचा, आणि त्या कामाचाच नवा दोर त्याच्या पायात पडायचा. जाळीच्या आत बसून पुस्तकं देताना त्याला कधीकधी वाटायचं की ही जाळी पुस्तकांसाठी नाहीच, माझ्यासाठी ठोकलीय. छातीत कोंडल्यासारखं व्हायचं. मग तो उठून माठातलं पाणी प्यायचा, पुन्हा खिडकीशी यायचा. आणि खिडकीत कोणीतरी उभं असायचंच. "भाऊ, ते पुस्तक आलं का जी?"

शेवटी देव पावला म्हणा. पवनीला एका कॉलेजात लायब्ररीची जागा निघाली, टिकारामची निवड झाली, ऑर्डर हातात आली. पवनी ते आसगाव म्हणजे सायकलचा रस्ता. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. रुजू व्हायची तारीख दिलेली, आणि सोबत आधीच्या कॉलेजनं सोडल्याचा कागद पाहिजे. तो नसेल तर जागा पुढच्या माणसाला.

या वेळी आनंदराव काही बोलायच्या आत टिकाराम स्वतःच बोलला. "सर, मी नसलो तरी चालन अशी लायब्ररी करून देतो. जाळीच काढून टाकू. पोरं आत येतीन, आपल्या हातानं पुस्तक घेतीन. चिठ्ठी नाही, खिडकी नाही. मंग माणूस कोणीबी बसवा."

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस त्यांच्यासमोर एवढी वाक्यं सलग बोलला होता. "करा," आनंदराव म्हणाले. "या वेळी शब्द देतो. सोडतो."

लोहार आला, जाळी कापली गेली. ज्या दिवशी ती भिंतीपासून सुटून पडली, त्या दिवशी पोरं आत शिरली आणि पुस्तकांवरून नुसते हात फिरवत हिंडली. टिकाराम दारात उभा. मोकळं वाटलं त्याला, खरंच मोकळं वाटलं. जागेवर परसराम नावाचा नवा माणूस आला, टिकारामनं त्याला सगळं शिकवलं. आनंदरावांनी शब्द पाळला, कागदावर सही केली. शनिवारी निरोपाचा चहा-चिवडा ठरला, कागद तेव्हाच हातात द्यायचा.

आसगावात रेवताबाईनं घर चुन्यानं पोतून काढलं. नवी खाट विणून घेतली. सासूला सांगितलं, तुमचा लेक येते. आणि शेवंता, ती तर शाळेत गोळी वाटावी तसं वाटत सुटली, "माहे बाबा आता घरीच रायतीन. सोमवारी बी!" निरोपाला दोघींनी यायचं, टिकारामची पेटी-वळकटी उचलायची आणि संध्याकाळच्या बसनं त्याला घेऊनच परतायचं, असं ठरलं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चांगल्या मास्तरची बदली झाली की गाव शाळेला कुलूप ठोकतं. 'आमचे गुरुजी आमाले पायजे!' बदली रद्द होईस्तोवर कुलूप निघत नाही. त्यात मास्तरचा मोठा मान असतो. ज्याच्या बदलीला कोणी कुलूप लावलं नाही, त्याची लोक पाठीमागे गोष्ट करतात, काय बुवा दहा वर्षं राहिला अन् कुत्रंही भुंकलं नाही. आणि अशी बदली नेहमी वरच्या कोणाच्या तरी खारातून होते, हेही सगळ्यांना पाठ. चांगला माणूस आपणहून जातो, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

शनिवारी सकाळी टिकाराम कॉलेजवर आला तर फाटकाला कुलूप. बाहेर ही गर्दी. मुलीसुद्धा, पडद्यामागच्या टेबलावर बसणाऱ्या मुली, मुठी वळून ओरडत होत्या.

"टिकारामभाऊंना!"

"सोडायचं नाही!"

पुढे खुशाल, पोरांचा निवडून आलेला सेक्रेटरी. तावशीच्या वाडीतलं पोरगं, बसच्या पेटीवर बी.ए.पर्यंत आलेलं. टिकारामला बघताच धावत आला आणि पायाच पडला.

"भाऊ, भेऊ नोका. जाळी काढली म्हणून तुमाले काढून राहिले ना हे लोक? त्यायच्या बापाले बी काढू देत नाही आम्ही!"

"अरे नाही बाबा," टिकाराम म्हणाला. "मीच जाऊन राहिलो. मले जायचं आहे."

खुशाल वळला आणि गर्दीला ओरडून म्हणाला, "ऐकलं? भाऊंकडून काय वदवून घेतलं ते ऐकलं?"

घोषणा दुप्पट झाल्या. टिकारामनं पुन्हा सांगितलं. घरी बायको आहे, पोरगी आहे, आई आंधळी आहे. एक मुलगी रडायलाच लागली. "पाहा, किती दबाव टाकला भाऊंवर! घरच्यांची नावं घ्यायला लावली!" म्हणाली. काय बोलावं? खरं बोललं तर खोटं ठरतं, आणि गप्प बसलं तर कबुली. टिकाराम, तू तिथे ओरडायला पाहिजे होतंस रे! फाटकावर चढून, शर्ट फाडून ओरडायला पाहिजे होतंस की मला सोडा! पण ज्यांच्या हातात आपण दहा वर्षं पुस्तकं दिली त्यांच्यावर ओरडायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. पोरांना वाटलं, भाऊंना गहिवरून आलं.

दुपारपर्यंत संस्थेचे अध्यक्ष जीपनं आले. त्यांना तर आयतंच फावलं. पोरांपुढे हात उंचावून ते म्हणाले, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. आनंदरावांनी खिशातला सहीचा कागद काढला आणि सगळ्यांदेखत फाडला. टिकारामच्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "माझा नाइलाज आहे टिकाराम, दिसतंय ना तुम्हाला? पण नशीबवान आहात. माझी बदली झाली तर माझ्यासाठी कुत्रंही येणार नाही."

कुलूप निघालं. निरोपाचा मांडव तयारच होता, चिवडाही झालेला. तोच मांडव आता सत्काराचा झाला.

आणि त्याच वेळी बाबूलालची बस फाटकाशी थांबली. रेवताबाई उतरली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हाताशी शेवंता. शेवंतानं वळकटी बांधायची दोरी स्वतःच्या हातात धरली होती. पोरींनी 'वयनी आल्या, वयनी आल्या' म्हणत दोघींना हाताला धरून थेट स्टेजवर नेऊन बसवलं. रेवताबाईला वाटलं निरोपच चाललाय. मग अध्यक्ष बोलायला उठले, आणि दुसऱ्याच वाक्यात तिला कळलं. तिनं टिकारामकडे पाहिलं. त्याच्या गळ्यात हार इतके झाले होते की हनुवटी वर धरावी लागत होती. त्यानं मान खाली घालायचा प्रयत्न केला, तीही जाईना.

तिची ओटी भरली. पदरात नारळ घेऊन ती उभी असताना खुशालनं माईक तिच्यापुढे धरला. "वयनी, दोन शब्द."

मास्तरीण होती ती, बोलायला घाबरणारी नव्हती. एवढं तोंड भरून बोलता आलं असतं तिला! पण पदरात नारळ, समोर ही एवढी पोरं, त्यांचे चकाकणारे डोळे. ओटीत नारळ पडलेल्या बाईनं वाईट काही बोलू नये, असं आईनं शिकवलेलं असतं प्रत्येकीला.

"तुमचं एवढं प्रेम हाये यायच्यावर," ती म्हणाली, "हे पाहून बरं वाटलं. यायले सांभाळा."

टाळ्या थांबेनात. त्या गलक्यात शेवंता बापाच्या विजारीला ओढत होती. "बाबा, चाला ना. बस निंघून जाइन ना बाबा!" माईक जवळच होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं आणि सगळा मांडव कौतुकानं हसला.

संध्याकाळी टिकाराम दोघींना बसवर सोडायला आला. हार त्यानं लायब्ररीतच उतरवले होते. शेवंता रडून रडून आईच्या खांद्यावर झोपली होती. बाबूलालनं बस थोडी थांबवून धरली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"रागावली का?" टिकारामनं विचारलं.

"राग असता तं माईकवर बोलली असती. थकली मी." तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आइका. आता हप्त्याचे हप्त्याले येऊ नोका."

"काहून?"

"तुमी येता त्याचा आनंद होतो न होतो तं तुमी जाता. पोरगी सोमवारी जेवत नाही. मंगळवारी समजावते मी तिले, बुधवारी हासते, अन् शनिवारी तुमी पुन्ना येता. जो माणूस येतच नाही, तो जात तं नाही. दिवाळीले या. पोळ्याले या. पाहुण्यासारखे या. पाहुणा गेला तं कोणी उपाशी रायत नाही."

बाबूलालनं घंटी मारली. बस गेली.

पवनीची जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या शनिवारी टिकाराम सवयीनं पिशवी घेऊन स्टँडवर आला. बाबूलालनं खिडकीजवळची जागा राखली होती. टिकाराम बसच्या दाराशी उभा राहिला, दांड्याला हात लावला, आणि परत फिरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. गिरजाबाईच्या ओसरीत बसून बसून त्याला कोंडल्यासारखं झालं. चटईवर पडला, उठला, कपडे धुतले, पुन्हा पडला. ऊन कुठवर आलं ते बघायची गरज नव्हती तरी बघत राहिला. मग त्यानं खुंटीवरची किल्ली घेतली आणि जाऊन लायब्ररी उघडली. करणार काय? दुसरं काही येतच नव्हतं त्याला. रस्त्यानं जाणारी दोन पोरं उघडं दार बघून आत आली. त्यापुढच्या रविवारी बरीच आली. परीक्षेच्या दिवसांत तर बसायला जागा पुरेना, तेव्हा त्यानं व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या.

आनंदरावांनी फाटकावर पाटी लावली, 'लायब्ररी रविवारीही उघडी राहील'. जिल्ह्यात असं कुठे नाही, म्हणून लोक दुरून बघायला यायचे. पोरं तर फारच खूश. खुशाल सगळ्यांना सांगत फिरायचा, "पाहा, भाऊंना थांबवलं ते किती बरं झालं."